लंडन ते सिडनी : अंतर किती, वेळ किती?



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो पगार, बोनस आणि संप यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची साहजिक अपेक्षा असते. आज आम्ही मात्र एका निराळ्या विषयावर बोलणार आहोत. जगाच्या दोन टोकांना असलेल्या दोन विमानतळांमधील अंतर किती, आणि ते काटावयास वेळ किती लागतो, हा तो विषय. वरवर पाहता हा भूगोलाच्या पुस्तकातला प्रश्न आहे. परंतु थोडे खोलात गेले, की त्यात घड्याळ येते, घड्याळाच्या मागोमाग मजुरी येते, आणि मग आम्ही आमच्या नेहमीच्या मुक्कामी येऊन पोहोचतो. कामगार संघटनेचे काम म्हणजे मुळात घड्याळाशी चाललेले भांडण आहे. किती तासांचे किती दाम, आणि ते तास मोजावयाचे कोणी, एवढेच दोन प्रश्न घेऊन आमची तीस वर्षे गेली.

आमचे शाळेतले शिक्षण आठवीच्या पुढे गेले नाही. पुढे जे काही शिकलो ते म्युनिसिपालिटीच्या वाचनालयात आणि संघटनेच्या कचेरीत. तेव्हा तज्ज्ञाचा अधिकार आम्ही सांगत नाही. हिशेब मागण्याची सवय जडलेला एक माणूस या प्रश्नाकडे कसा पाहतो, एवढे आपल्यापुढे ठेवावयाचे आहे. उदाहरण म्हणून आम्ही लंडन आणि सिडनी ही दोन शहरे घेतली आहेत. कारण या मार्गाला शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो मार्ग बराच काळ आपल्या देशावरून जात होता.

प्रथम अंतराचा विचार करू. घरात मुलांच्या अभ्यासाचा पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक लंडनवर दाबून धरा, दुसरे सिडनीवर, आणि दोरा ताणा. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान आणि हिंदी महासागर यांवरून जाते. गोलावरचा दोरा मात्र उत्तरेकडे सरकतो. तो जर्मनी, रशिया, कझाकस्तान आणि चीन यांवरून जाऊन मग दक्षिणेला उतरतो. सपाट कागदावर गोल पृथ्वी पसरावयाची म्हणजे कोठेतरी ताण द्यावाच लागतो, आणि तो ताण ध्रुवांकडच्या प्रदेशांवर सर्वांत जास्त पडतो. म्हणून नकाशावर जो रस्ता वाकडा दिसतो तोच गोलावर सर्वांत जवळचा असतो. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचे एक विमान सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला आले. त्या विमानातील वैमानिक सर्व स्त्रिया होत्या, आणि त्यांनी ते उत्तर ध्रुवाच्या प्रदेशावरून आणले. नकाशा पाहणाऱ्याला हा वळसा वाटेल. गोल पाहणाऱ्याला वाटणार नाही.

तर दोऱ्याने मोजलेले लंडन-सिडनी अंतर भरते सुमारे १७,००० किलोमीटर. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. म्हणजे पृथ्वीच्या पाठीवर कोणतीही दोन ठिकाणे घेतली तरी त्यांच्यामध्ये २०,००० किलोमीटरहून जास्त अंतर असूच शकत नाही. त्यातले १७,००० या दोन शहरांमध्ये आहे. याहून फार दूर जावयास पृथ्वीवर जागा उरत नाही.

आता वेळ. आजचे जेट विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते. चौथीतल्या मुलाने भागाकार केला तर उत्तर येते एकोणीस तास. हे उत्तर खोटे नाही, पण पुरे नाही. कारण विमान ज्या हवेतून जाते ती हवा स्वतःच वाहत असते. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार प्रवाह वाहतात. त्यांचा वेग कधी कधी ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. आपली वल्हवणारी माणसे हे पाण्यावर रोज अनुभवतात. भरतीबरोबर जाणारी होडी आणि भरतीविरुद्ध येणारी होडी यांना वेळ सारखा लागत नाही. म्हणून लंडनहून ऑस्ट्रेलियाला जाताना वेळ कमी लागतो, आणि परत येताना पाऊण तास, एक तास जास्त लागतो. अंतर दोन्ही वेळा तेच असते.

त्यात पुन्हा घड्याळांचा घोळ आहे. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील पर्थ या शहराचे घड्याळ हिवाळ्यात लंडनच्या पुढे आठ तास असते. समजा, पर्थहून संध्याकाळी सात वाजता विमान निघाले आणि सतरा तास उडाले. पर्थच्या घड्याळात तेव्हा दुसऱ्या दिवशीचे दुपारचे बारा वाजलेले असतील. पण उतारू लंडनच्या जमिनीवर पाय ठेवतो तेव्हा तेथे पहाटेचे चार वाजलेले असतात. तिकिटावरच्या दोन वेळा पाहून जो वजाबाकी करील त्याला वाटेल, प्रवास नऊ तासांचा झाला. उरलेले आठ तास घड्याळाने गिळले. पण त्या उताऱ्याच्या शरीराने ते गिळलेले नसतात. त्याचे पाय सुजतात, झोप उडते, भूक भलत्या वेळी लागते. आणि शरीराचे आतले घड्याळ नव्या वेळेला जुळावयास साधारण दर तासामागे एक दिवस घेते.

घड्याळ कोणाचे खरे, हा प्रश्न आपल्या मुंबईला नवा नाही. १९०६ सालापूर्वी मुंबईची स्वतःची वेळ होती. ती ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे होती. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने साऱ्या देशाला एकच प्रमाणवेळ लावली, साडेपाच तासांची. घड्याळ ३९ मिनिटे पुढे गेले. सूर्य काही पुढे गेला नाही. गिरणीचा भोंगा नव्या घड्याळाप्रमाणे वाजू लागला, तर कामगाराला ३९ मिनिटे लवकर, अंधारात, चाळीच्या बाहेर पडावे लागणार होते. त्या जानेवारीतच मुंबईतील हजारो गिरणीकामगारांनी माग बंद ठेवून या नव्या वेळेचा निषेध केला. शिकलेली माणसे वर्तमानपत्रांतून वाद घालीत होती. कामगाराने आपले म्हणणे माग बंद ठेवून मांडले. वेळेचा प्रश्न हा मजुरीचा प्रश्न आहे, हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही.

असो. आता त्या मार्गाच्या इतिहासाकडे वळू. १९१९ साली ऑस्ट्रेलियाच्या सरकारने दहा हजार पौंडांचे बक्षीस लावले. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला तीस दिवसांच्या आत जो ऑस्ट्रेलियन विमानाने येईल, त्याला ते मिळावयाचे होते. रॉस स्मिथ आणि कीथ स्मिथ हे दोघे भाऊ, आणि बेनेट व शायर्स हे दोन यंत्रकारागीर, असे चौघे एका उघड्या विमानात बसून १२ नोव्हेंबरला लंडनजवळच्या हाउन्सलोहून निघाले. वाटेत कराची, दिल्ली, अलाहाबाद, कलकत्ता असे मुक्काम करीत ते १० डिसेंबरला ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला डार्विनला उतरले. अठ्ठावीस दिवस लागले. त्या अठ्ठावीस दिवसांत प्रत्यक्ष हवेत गेलेला वेळ १३६ तासांच्या आसपास, म्हणजे एकूण वेळेच्या पाचवा हिस्सा. बाकीचे चार हिस्से जमिनीवर गेले. त्यात हवामान, इंधन, चिखल यांच्याइतकाच वाटा यंत्र उघडून पुन्हा जोडण्याचा होता, आणि ते काम बेनेट व शायर्स यांचे. भावांना 'सर' ही पदवी मिळाली, आणि पुस्तकांत नावे त्यांचीच मोठ्या अक्षरांत आहेत. पण एक गोष्ट त्यांच्याविषयी आदराने सांगितली पाहिजे. बक्षिसाच्या रकमेचे त्यांनी चार सारखे वाटे केले. कारागिराशिवाय विमान पोहोचले नसते, हे त्या दोघा भावांना पटलेले होते.

पुढे उतारूंची ने-आण सुरू झाली. १९३५ साली लंडनहून ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनला उतारू जाऊ लागले. या प्रवासाला साडेबारा दिवस लागत. त्यातला युरोपातला एक तुकडा तर आगगाडीने काटावा लागे. विमान रात्री उडत नसे. उतारू रात्री हॉटेलात झोपत आणि सकाळी पुन्हा विमानात बसत. आपल्या देशात कराची, जोधपूर, दिल्ली, कानपूर, अलाहाबाद, कलकत्ता असे थांबे होते. १९३८ साली पाण्यावर उतरणारी मोठी विमाने आली. धावपट्टीऐवजी त्यांना तलाव लागत. म्हणून राजसमंदाचा तलाव आणि ग्वाल्हेरचा तलाव ही जगाच्या हवाई मार्गावरची ठाणी झाली. तेव्हा सिडनीहून इंग्लंडला जाण्यास नऊदहा दिवस पुरत. आगबोटीला महिन्याहून जास्त लागे, हे ध्यानात घेतले म्हणजे या नऊदहा दिवसांचे मोल कळते.

महायुद्धात सिंगापूर पडले आणि हा मार्ग तुटला. तेव्हा जे घडले ते या साऱ्या इतिहासातले सर्वांत विलक्षण प्रकरण आहे, असे आम्हाला वाटते. १९४३ पासून १९४५ पर्यंत कॅटालिना जातीची विमाने पर्थहून थेट सिलोनमधील कोग्गला तलावावर येत. मध्ये हिंदी महासागर आणि आकाशात जपानी विमानांचे भय. बिनतारी यंत्राने बोलावयाचे नाही, दिवा लावावयाचा नाही, दिशा ठरवावयाची ती ताऱ्यांवरून. साडेपाच हजार किलोमीटरहून जास्त अंतरास सत्तावीस ते बत्तीस तास लागत. इंधनाचे वजन इतके, की उतारू फक्त तीन घेता येत, आणि टपाल सत्तर किलोच्या आत. एकाच उड्डाणात उताऱ्याला सूर्योदय दोनदा दिसत. म्हणून त्या उतारूंना 'दुहेरी सूर्योदयाच्या गुप्त संघा'चे प्रमाणपत्र देण्यात येई. अशा २७१ फेऱ्या झाल्या. बत्तीस तास सतत हवेत राहणे हे आजच्या कोणत्याही प्रवासी विमानाच्या नशिबी नाही. ते अंतरामुळे नव्हे, वेग कमी असल्यामुळे घडले.

युद्ध संपल्यावर १ डिसेंबर १९४७ रोजी क्वांटास कंपनीचे कॉन्स्टेलेशन विमान सिडनीहून लंडनला निघाले. डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो, त्रिपोली असे मुक्काम करीत चार दिवसांत पोहोचले. उतारू २९ आणि कर्मचारी ११. जाण्यायेण्याचे भाडे ५८५ पौंड. तेव्हाच्या ऑस्ट्रेलियन कामगाराची दीड वर्षाहून जास्त कमाई. नंतर सहा महिन्यांनी, ८ जून १९४८ रोजी, आपल्या एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे त्याच जातीचे विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गे लंडनला गेले. मुंबईहून आगबोटीने जो प्रवास दोन आठवडे घेई तो एका दिवसावर आला. आज तोच सुमारे ७,२०० किलोमीटरचा प्रवास नऊदहा तासांत होतो.

जेट विमाने आल्यावर दिवसांचे तास झाले. ऑगस्ट १९८९ मध्ये क्वांटासचे एक नवे जंबो जेट लंडनहून सिडनीला न थांबता आणण्यात आले. वेळ लागला २० तास ९ मिनिटे. पण ते साधण्याकरिता काय करावे लागले? चारशे माणसांच्या विमानात मूठभर माणसे बसविली, विशेष प्रकारचे दाट इंधन काठोकाठ भरले, आणि इंधनाचा थेंब वाया जाऊ नये म्हणून विमान धावपट्टीपर्यंत ओढून नेले. मार्च २०१८ मध्ये पर्थहून लंडनला न थांबणारी नियमित सेवा सुरू झाली. १४,५०० किलोमीटर, सतरा तासांच्या वर थोडे. ऑस्ट्रेलिया आणि युरोप यांना जोडणारी ही पहिली विनाथांबा सेवा. नोव्हेंबर २०१९ मध्ये लंडनहून थेट सिडनीला एक प्रायोगिक उड्डाण झाले, पन्नासेक माणसे घेऊन; त्याला १९ तास १९ मिनिटे लागली. आपल्या चौथीतल्या मुलाचे उत्तर किती जवळ होते पाहा.

अठ्ठावीस दिवसांवरून एकोणीस तास. शंभर वर्षांत ही मजल मारली गेली, आणि ज्यांनी मारली त्यांचे कौतुक आम्ही मोकळ्या मनाने करतो. परंतु हिशेबाची वही येथे बंद करता येत नाही. न थांबता जावयाचे म्हणजे सारे इंधन सुरुवातीलाच उचलून न्यावे लागते. पहिले कितीतरी तास विमान जे इंधन जाळते, त्यातले बरेचसे पुढच्या तासांचे इंधन वाहून नेण्यासाठीच. अशा विमानाच्या उड्डाणाच्या वेळच्या वजनात दोन-पंचमांश वजन नुसत्या इंधनाचे असू शकते. म्हणून खुर्च्या कमी ठेवाव्या लागतात आणि भाडे जास्त घ्यावे लागते. आणि मिळते काय? मध्ये एकदा थांबून लंडनहून सिडनीला जावयास बावीस-चोवीस तास लागतात; न थांबता वीस. म्हणजे जास्तीत जास्त चार तासांची बचत. ज्याचा एक तास लाखमोलाचा आहे त्याला ही बचत परवडते. साधा उतारू सिंगापूरला उतरतो, पाय मोकळे करतो, चहा घेतो आणि पुढे जातो. त्यात त्याचे फार बिघडते असे आम्हाला वाटत नाही.

आता त्या विमानातल्या कामगाराकडे पाहू. होय, आम्ही वैमानिकालाही कामगारच म्हणतो. गणवेशावर सोनेरी पट्ट्या असल्या म्हणून काही बदलत नाही. एकोणीस तास एक माणूस जागा राहून विमान चालवू शकत नाही. म्हणून अशा उड्डाणावर चार वैमानिक असतात. ते पाळीपाळीने काम करतात, आणि छताजवळ किंवा मागच्या बाजूला बांधलेल्या अरुंद बिछान्यांवर पाळीपाळीने झोपतात. २०१९ च्या प्रयोगात वैमानिकांच्या डोक्याला तारा लावून मेंदूची जागरूकता मोजण्यात आली. यंत्र किती ताण सोसते हे आधीच ठाऊक होते. माणूस किती सोसतो हे मोजावयाचे राहिले होते, आणि ते सर्वांत शेवटी मोजले गेले, ही गोष्ट आम्हाला बोलकी वाटते.

या ठिकाणी एका योगायोगाची आठवण करून द्यावीशी वाटते. ज्या सिडनीला हे विमान उतरते त्याच सिडनीत १८५५ साली पाथरवटांनी काही बांधकामांवर आठ तासांचा दिवस मिळविला. पुढच्या वर्षी, २१ एप्रिल १८५६ रोजी, मेलबर्नच्या पाथरवटांनी विद्यापीठाच्या इमारतीवरचे काम टाकून शहरातून मिरवणूक काढली आणि आठ तासांचा हक्क मिळविला. उन्हात दगड फोडणाऱ्या माणसांनी दिवसाचे तीन भाग पाडले : आठ तास काम, आठ तास विसावा, आठ तास स्वतःचे. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणीकामगारांची संघटना उभारली, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पडली. या देणग्या वरून पडलेल्या नाहीत, हे आपण जाणताच.

आकाशातही तेच चालले आहे. भारतात वैमानिकांच्या संघटना विश्रांतीचे नियम सुधारावेत म्हणून दिल्लीच्या उच्च न्यायालयापर्यंत गेल्या. जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम जाहीर झाले, आणि ते २०२५ च्या जुलै आणि नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत लागू झाले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांऐवजी ४८ तास. रात्रीची वेळ पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरावयाची. रात्री विमान उतरविण्याची कामे सहाऐवजी दोन. मागण्या अवास्तव होत्या काय? झोपाळलेल्या ड्रायव्हरच्या एस.टी.त आपण मुलांना बसवणार नाही. तरी डिसेंबर २०२५ मध्ये काय झाले ते आपण वर्तमानपत्रांत वाचलेच आहे. देशातल्या एका फार मोठ्या विमान कंपनीचे वेळापत्रक कोलमडले, काही दिवसांत हजारो उड्डाणे रद्द झाली, उतारू विमानतळांच्या फरशीवर झोपले. नियम ठाऊक होऊन दोन वर्षे होत आली होती; पण त्यांना पुरतील इतके वैमानिक हाताशी नव्हते. आणि अखेर सूट कोणाला मिळाली? त्या कंपनीला, नव्या नियमांपासून, काही काळापुरती. वैमानिकाच्या झोपेतून उसने घेऊन वेळापत्रक उभे करण्यात आले. त्या दिवसांत पुष्कळ लोक म्हणत होते, 'या नियमांनी घोळ केला.' आम्ही म्हणतो, घोळ आधीपासून होता. नियमाने तो उघड्यावर आणला.

वैमानिकाचा आवाज निदान वर्तमानपत्रांत पोहोचतो. विमानाच्या पोटात सामान चढविणाऱ्याचा पोहोचत नाही. लंडन-सिडनी मार्गाचीच गोष्ट सांगतो. २०२० साली, कोरोनाच्या साथीत, क्वांटास कंपनीने दहा विमानतळांवरील जमिनीवरची कामे ठेकेदारांकडे दिली, आणि सुमारे १,८०० माणसांची नोकरी गेली. सामान उचलणारे, विमान ओढणारे, केबिन झाडणारे असे हे लोक. त्यांची वाहतूक कामगार संघटना न्यायालयात गेली. खालच्या न्यायालयाने कंपनीची कृती बेकायदा ठरविली. सप्टेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तोच निर्णय कायम केला. कामगारांना १२ कोटी डॉलरची भरपाई ठरली. त्याशिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ९ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला, आणि त्यातले ५ कोटी थेट संघटनेला द्यावयास सांगितले, कारण तिने लढा दिला नसता तर ही गोष्ट उघडकीसच आली नसती. पाच वर्षे लागली. एकोणीस तासांत पृथ्वी ओलांडणाऱ्या कंपनीकडून न्याय मिळावयास पाच वर्षे! दूर अंतर म्हणावयाचे तर हेच म्हणावे. परंतु ते काटता येते, हेही त्या माणसांनी दाखवून दिले.

आपल्या मुंबईचेच पाहा. विमानतळावर सामान उचलणारी, खानपानाची गाडी भरणारी मुले आमच्या कचेरीत येतात. बहुतेक ठेकेदाराची माणसे. दिवा, नालासोपारा, कळवा येथे राहतात. दिव्याहून निघून, गर्दीच्या लोकलमध्ये लोंबकळत, विमानतळाच्या फाटकावर हजेरी लावावयास दीड-दोन तास लागतात. तेवढ्या वेळात तिथले विमान दिल्लीला पोहोचते. त्यांचा हा वेळ कोणाच्याही वेळापत्रकात नाही, आणि पगाराच्या पत्रकातही नाही. ज्या विमानाला मुंबईत फार वेळ उभे राहणे परवडत नाही, त्याला चाळीस-पन्नास मिनिटांत रिकामे करून पुन्हा भरून देणारे हात हेच. उतारूंच्या वाचलेल्या मिनिटांतली कितीतरी मिनिटे या हातांनी वाचविलेली असतात.

अंतराविषयी एक शेवटची गोष्ट. दोऱ्याने मोजलेले अंतर बदलत नाही. पण विमानाला तो दोरा दरवेळी वापरू देतात असे नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनचे युद्ध सुरू झाले आणि रशियाचे आकाश युरोपच्या कंपन्यांना बंद झाले. हेलसिंकीहून साडेनऊ तासांत टोकियोला जाणारे विमान तेरा तासांच्या घरात गेले. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, आणि दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. काहींना युरोपात उतरून इंधन घ्यावे लागले. शंभर वर्षांच्या शोधांनी कमावलेले तास एका फर्मानाने गेले. आगगाडी थांबली की निदान डबा दिसतो. आकाशातली भिंत दिसत नाही. तिकिटाच्या भाड्यात आणि वैमानिकाच्या वाढलेल्या पाळीत मात्र ती बरोबर उमटते.

तेव्हा मित्रहो, लंडन ते सिडनी अंतर किती, असे कोणी विचारले तर उत्तर सोपे आहे : १७,००० किलोमीटर. वेळ किती, असे विचारले तर आपण उलट विचारावे : कोणाचा वेळ? न थांबता जाणाऱ्या उताऱ्याचा वीस तास. सिंगापूरला थांबणाऱ्याचा बावीस-चोवीस. चार वैमानिकांचा, झोपेसकट मोजला तर, ऐंशी तास. आणि ज्यांनी ते विमान धुतले, भरले, तपासले, त्यांचा किती, हे अजून कोणत्याही तिकिटावर छापलेले नाही. तो आकडा विचारणारी माणसे वाढली पाहिजेत, एवढेच आमचे आपल्याकडे मागणे आहे. कारण विचारल्याशिवाय हिशेब कोणी आपण होऊन दाखवीत नाही, हा आमचा तीस वर्षांचा अनुभव आहे.